रेवसच्या किनाऱ्यावर गोठलेली पेन्शन

धरमतरच्या खाडीच्या मुखाशी, करंजाच्या समोर वसलेले रेवस हे अलिबाग तालुक्यातील जुने बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येथे उतरायचे आणि पुढे एस. टी. किंवा रिक्षाने अलिबाग गाठायचे, हा अनेक पिढ्यांचा परिपाठ. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची आणि करंजा-रेवस पुलाची चर्चा येथे चालू आहे. मुंबईला जवळ, तरीही मुंबईच्या गजबजाटाबाहेर, अशा या पट्ट्यात निवृत्तीनंतर घर करण्याची ओढ शहरी मध्यमवर्गाला जुनीच आहे. मांडवा, किहीम, सासवणे, आवास या गावांतील बंद फाटकांमागच्या बंगल्यांत उद्योगपती आणि चित्रपट कलावंत सुटीपुरते येतात. पण वाडीतल्या साध्या कौलारू घरात बाराही महिने राहणारे निवृत्तही या किनाऱ्यावर असतात. परदेशात आयुष्यभर नोकरी करून वडिलोपार्जित घरी परतलेला निवृत्त हा त्यांपैकीच एक.

असा निवृत्त ब्रिटनहून परतला असेल, तर त्याच्या उत्पन्नाला एक विचित्र नियम लागू होतो. ब्रिटिश सरकारचे निवृत्तिवेतन त्याला भारतात नियमाने मिळते, त्यात खंड पडत नाही. परंतु ते ज्या दराने सुरू झाले त्याच दराने मरेपर्यंत मिळत राहते. ब्रिटनमध्ये दर एप्रिलमध्ये या निवृत्तिवेतनात वाढ होते, ती त्याच्या वाट्याला येत नाही. तिकडे याला ‘फ्रोझन पेन्शन’ म्हणजे गोठवलेली पेन्शन म्हणतात. असे साडेचार लाखांच्या आसपास निवृत्त जगभर विखुरलेले आहेत. त्यांतील बहुसंख्य ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत, आणि साहजिकच या प्रश्नावरचा आवाजही तेथूनच उठतो. भारतात राहणाऱ्यांची संख्या त्या मानाने थोडी आणि त्यांची संघटना जवळजवळ नाहीच.

मराठी वाचकाला हा प्रकार आपल्याकडच्या उदाहरणाने चटकन उमजेल. अलिबागच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक निवृत्त झाले. ते मुलाकडे गोव्यात राहायला गेले तर त्यांचा महागाई भत्ता चालू राहील, मात्र मुलीकडे बेळगावला गेले तर कायमचा बंद होईल, असा नियम सरकारने काढला असता तर काय झाले असते? न्यायालय, मोर्चे, विधिमंडळ असे सारे काही झाले असते. ब्रिटनमध्ये नेमका असाच नियम आहे, आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकून आहे.

कोणाला वाढ, कोणाला नाही

ब्रिटनची सरकारी पेन्शन ही नोकरीच्या काळात ‘नॅशनल इन्शुरन्स’ या नावाने पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर अवलंबून असते. ६ एप्रिल २०१६ नंतर निवृत्तीचे वय गाठणाऱ्यांसाठी नवी पद्धत लागू झाली. तिच्यानुसार साधारणपणे ३५ वर्षांची वर्गणी असेल तर पूर्ण पेन्शन, आणि किमान १० वर्षांची असेल तरच काहीतरी पेन्शन मिळते. जमा झालेल्या वर्षांनुसार हक्क ठरतो. वर्गणीदार मूळचा कोणत्या देशाचा, याला त्यात स्थान नाही. निवृत्तीनंतर ही पेन्शन जगात कोठेही घेता येते.

मात्र वार्षिक वाढीसाठी निकष आहे तो राहण्याच्या देशाचा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना वाढ मिळते. युरोपीय संघातील देश, नॉर्वे, आइसलंड, स्वित्झर्लंड येथे राहणाऱ्यांनाही मिळते; ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही करार करून ती चालू ठेवण्यात आली. याखेरीज अमेरिका, इस्रायल, तुर्कस्तान, फिलिपिन्स, जमैका, बार्बाडोस, बर्म्युडा, मॉरिशस आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून निर्माण झालेले देश यांच्याशी जुने परस्पर करार आहेत, त्यामुळे तेथेही वाढ मिळते. उरलेल्या जगात ती मिळत नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश हे त्या उरलेल्या जगात मोडतात, तसेच ज्यांच्याशी ब्रिटनचे नाते सर्वांत घट्ट मानले जाते ते कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही.

या यादीमागे काही तत्त्व शोधायला जावे तर हाती फारसे लागत नाही. जमैकाला वाढ आहे, शेजारच्या त्रिनिदादला नाही. अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये राहणाऱ्याला वाढ मिळते. नदीपलीकडे, कॅनडाच्या विंडसरमध्ये राहणाऱ्याला मिळत नाही. ब्रिटिश रुग्णालयांत एकाच कक्षात राबलेल्या दोन परिचारिकांपैकी मनिलाला परतणारीची पेन्शन वाढत जाते आणि मुंबईला परतणारीची थिजते. १९५० ते १९८० या दशकांत ज्या देशाशी जसा करार झाला तसा झाला, आणि त्यानंतर वाढ देणारे नवे करार करण्याचे ब्रिटनने थांबविले. यादीचे खरे स्पष्टीकरण एवढेच आहे.

रेवसच्या परिसरापुरते बोलायचे तर या यादीला आणखी एक विलक्षण पदर आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि त्यातून वाचलेली माणसे या मुलखात रुजली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, रोहेकर, पेणकर अशी त्यांची आडनावे आजही या गावांचा पत्ता सांगतात. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. आता असे तीन मराठी भाषक कल्पावेत, की जे लंडनमध्ये एकाच कार्यालयात तीस-पस्तीस वर्षे नोकरीला होते, सारखी वर्गणी भरत होते आणि एकाच महिन्यात निवृत्त झाले. त्यांतील एक अश्दोदला आपल्या माणसांत गेला, दुसरा मॉरिशसला, तिसरा रेवसला. पहिल्या दोघांची पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते, तिसऱ्याची वाढत नाही. त्याचे पूर्वज गाव सोडून गेले नाहीत, एवढाच काय तो त्याचा अपराध!

पौंडांतला हिशेब

नव्या पद्धतीतील पूर्ण पेन्शन २०१६-१७ मध्ये आठवड्याला १५५.६५ पौंड होती. २०२५-२६ मध्ये ती २३०.२५ पौंड झाली. एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण पेन्शन सुरू होऊन रेवसला स्थायिक झालेल्या निवृत्ताला अर्थातच १५५.६५ पौंडच मिळत राहिले. म्हणजे आठवड्याला ७४.६० पौंडांचा आणि वर्षाला सुमारे ३,८८० पौंडांचा फरक. या दहा आर्थिक वर्षांत न मिळालेल्या वाढीची बेरीज केली तर ती १४,९०० पौंडांच्या घरात जाते. आरंभीची तफावत नगण्य वाटते, कारण पहिल्या वर्षी ती आठवड्याला जेमतेम चार पौंड असते. पण दर वर्षीची वाढ आधीच्या वाढीवर चढत जाते आणि २०२३ सारख्या वर्षी, महागाईमुळे एकदम १०.१ टक्के वाढ झाली तेव्हा, दरी झपाट्याने रुंदावते.

वाढीचा दर ठरविण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. २०११ पासून ब्रिटनमध्ये वेतनवाढ, महागाई आणि अडीच टक्के यांपैकी जे सर्वाधिक असेल त्या प्रमाणात पेन्शन वाढविली जाते. याला तेथे ‘तिहेरी कुलूप’ म्हणतात. २०२२ चा अपवाद वगळता हे कुलूप टिकले. परिणामी ब्रिटनमधील निवृत्ताची स्थिती जसजशी सुधारत गेली तसतसा गोठलेला निवृत्त आपल्याच पूर्वीच्या सहकाऱ्यांच्या मागे पडत गेला.

जुन्या पद्धतीतील निवृत्तांची अवस्था अधिक बिकट आहे. २००१-०२ मध्ये मूळ पेन्शन आठवड्याला ७२.५० पौंड होती. २०२५-२६ मध्ये ती १७६.४५ पौंड झाली. २००१ मध्ये पासष्टाव्या वर्षी परतलेले गृहस्थ आज नव्वदीच्या उंबरठ्यावर असतील. औषधे, मदतनीस, रुग्णालयाच्या खेपा यांचा खर्च ज्या वयात सर्वाधिक, त्या वयात त्यांच्या हाती समवयस्कांच्या निम्म्याहूनही कमी रक्कम पडते. आकडे पूर्ण पेन्शनचे आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. स्थलांतरितांपैकी अनेकांना पूर्ण पेन्शन मिळतच नाही. तिशी-पस्तिशीत तिकडे गेलेल्यांची वर्षे अपुरी पडतात. स्त्रियांची तर आणखीच. १९७७ पर्यंत विवाहित स्त्रियांना कमी दराने वर्गणी भरण्याचा पर्याय निवडता येत असे. पैसे वाचतात म्हणून अनेकींनी तो स्वीकारला. पण त्या वर्षांचा त्यांच्या स्वतःच्या पेन्शनसाठी उपयोग झाला नाही. अशा तुटपुंज्या रकमेवर गोठण बसते तेव्हा ती नुसती गैरसोय राहत नाही.

रुपयाचा भुलावा

भारतात हा प्रश्न धसास का लागला नाही, याचे एक कारण संख्येत आहे आणि दुसरे रुपयात. ऑस्ट्रेलियातील निवृत्ताला आपली पेन्शन थिजल्याचे लगेच जाणवते, कारण तेथील चलन पौंडाच्या तुलनेत सतत एका दिशेने घसरत नाही. रेवसच्या निवृत्ताच्या बँक खात्यात मात्र रुपये जमा होतात, आणि रुपयांतील आकडा वर्षानुवर्षे फुगत असतो. पेन्शन वाढते आहे, असा समज त्यातून होतो. निवृत्त मंडळीच नव्हे, त्यांचे नातेवाईकही ‘तुम्हाला काय, पौंडात मिळते’ असे सहज बोलून जातात.

हा समज कितपत खरा, ते आकडेमोडीने पाहता येते. २००१ मध्ये एका पौंडाला सुमारे ६८ रुपये मिळत. २०२५ मध्ये ११५ च्या आसपास. आठवड्याला ७२.५० पौंड म्हणजे वर्षाला ३,७७० पौंड. २००१ च्या दराने त्याचे सुमारे २ लाख ५६ हजार रुपये होत, २०२५ च्या दराने सुमारे ४ लाख ३४ हजार. चोवीस वर्षांत रुपयांतील रक्कम पावणेदोन पटीच्या जवळ गेली. याच काळात भारतातील किरकोळ किमती, औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार, सुमारे चौपट झाल्या. २००१ मधील राहणीमान टिकवायचे तर दहा लाखांहून अधिक रुपये लागतील, आणि हाती येतात सव्वाचार लाखांच्या थोडे वर. पौंड महागला म्हणून मिळालेल्या दिलाशाने महागाईचा अर्धा भागही भरून निघालेला नाही.

आता पेन्शन गोठली नसती तर काय झाले असते? १७६.४५ पौंडांच्या दराने वर्षाला ९,१७५ पौंड, म्हणजे सुमारे साडेदहा लाख रुपये. २००१ चे राहणीमान टिकवायला जेवढे हवेत, जवळजवळ तेवढेच. हा मेळ काहीसा योगायोगाचा आहे, कारण ब्रिटनमधील वाढ भारतातील महागाई पाहून ठरत नाही. तरीही ‘भारतात स्वस्ताई आहे, तेथे वाढीची गरज काय’ या युक्तिवादाला तो पुरेसे उत्तर देतो. भारतात जगणे ब्रिटनपेक्षा स्वस्त आहे हे खरे, पण ते स्वस्त राहण्याचा वेग मात्र पेन्शनच्या बाजूने नाही.

विनिमयाच्या दराची आणखी एक बाजू आहे. रुपया दीर्घकाळात घसरत असला तरी पौंडही मधूनच कोसळतो. एप्रिल २०१६ मध्ये पौंडाला सुमारे ९५ रुपये मिळत होते. जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि मार्च २०१७ पर्यंत दर ८१ च्या आसपास आला. पूर्ण पेन्शन घेणाऱ्याला त्यामुळे महिन्याला साधारण साडेनऊ हजार रुपयांचा फटका बसला. ब्रिटनमधील निवृत्ताला याची झळ दुकानातील किमतींतून हळूहळू लागली, आणि पुढे वार्षिक वाढीतून ती काही अंशी भरूनही आली. भारतातील निवृत्ताला ती एकाच वर्षात, थेट पासबुकात लागली.

इतर मिळकती आणि खर्च

पेन्शनखेरीज ब्रिटनमध्ये वृद्धांना मिळणाऱ्या सवलतींपैकी फार थोड्या भारतापर्यंत येतात. अल्प उत्पन्नाच्या निवृत्तांना तेथे दिली जाणारी पूरक मदत देश सोडताच थांबते. सरकारी आरोग्यसेवेचा हक्क तेथील नित्याच्या वास्तव्याशी जोडलेला असल्याने तोही सुटतो. आयुष्यभर जिच्यासाठी कर भरला ती मोफत सेवा म्हातारपणी ओलांडून यायची आणि इथे खासगी रुग्णालयाचे बिल स्वतः भरायचे, असा हा व्यवहार असतो. सत्तरीनंतर नव्याने आरोग्यविमा मिळणे किती दुरापास्त आहे, हे शहरी वाचकाला सांगायला नको. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. पण गंभीर दुखण्यासाठी मुंबईच गाठावी लागते. तो खर्चही हिशेबात धरावा लागतो.

ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्यांना ‘ओसीआय’ कार्डावर येथे कायम राहता येते. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर आलेल्या या सोयीमुळे परतणे सुकर झाले. परंतु कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. अलिबाग तालुक्यातील जमिनींचे भाव पाहता या बंधनाला महत्त्व आहे. घरामागची वाडी वडिलोपार्जित असेल तर ठीक, नाही तर चार माडांची हौस बाजूला ठेवावी लागते. नागरिकत्व भारतीय असो वा ब्रिटिश, पेन्शन गोठण्याच्या बाबतीत फरक पडत नाही. नियम पासपोर्ट पाहत नाही, पत्ता पाहतो. भारतात कायम रहिवासी ठरल्यावर ही रक्कम भारतीय प्राप्तिकराच्या हिशेबातही येते.

न्यायालयात आणि संसदेत

या नियमाला सर्वांत मोठे आव्हान दक्षिण आफ्रिकेतून मिळाले. कामाची बहुतेक वर्षे ब्रिटनमध्ये काढून १९८९ मध्ये तिकडे गेलेल्या अॅनेट कार्सन यांना २००० साली पेन्शन सुरू झाली आणि तेथेच गोठली. पूर्ण वर्गणी भरूनही केवळ राहण्याच्या जागेवरून भेदभाव होतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ते फेटाळले. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. तेथील १७ न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने १६ मार्च २०१० रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. पेन्शनची वाढ ब्रिटनमधील राहणीमानासाठी आहे, आणि परदेशात राहणारे व ब्रिटनमध्ये राहणारे यांची परिस्थिती तुलना करण्याजोगी सारखी नाही, असा त्याचा गाभा. न्यायालयीन मार्ग तेथे संपला.

सरकारची भूमिका सत्तेवरील पक्ष बदलला तरी बदललेली नाही. वर्गणीतून व्यक्तीच्या नावाने निधी साठत नाही. आजच्या नोकरदारांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांना पैसे दिले जातात. म्हणून वर्गणी भरली एवढ्यावरून वाढीचा हक्क निर्माण होत नाही, असे सांगितले जाते. खरा मुद्दा खर्चाचा आहे. सर्वांना चालू दराने पेन्शन द्यायची तर वर्षाला शेकडो दशलक्ष पौंड लागतील. मागची थकबाकी सोडून फक्त यापुढची वाढ द्या, असा मध्यममार्ग चळवळीने सुचविला. त्यालाही यश आले नाही. उलट २०१४ च्या पेन्शन कायद्यात परदेशस्थांना वाढ नाकारण्याची तरतूद नव्या पद्धतीसाठीही करून ठेवण्यात आली.

सरकारच्या पहिल्या युक्तिवादात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो इस्रायलमधील किंवा अमेरिकेतील निवृत्ताला का लागू होत नाही, याचे उत्तर त्यात सापडत नाही. शिवाय परदेशी गेलेला वृद्ध ब्रिटनच्या रुग्णालयांवर आणि वृद्धसेवेवर खर्चाचा भार टाकत नाही, ही बचत हिशेबात धरली जात नाही.

या बाबतीत इतर देश कसे वागतात? भारतात परतलेल्या पात्र निवृत्ताला अमेरिकेची सामाजिक सुरक्षा पेन्शन महागाईच्या वार्षिक वाढीसह मिळते. कॅनडाही आपल्या परदेशस्थ निवृत्तांना वाढ देतो, म्हणूनच ब्रिटनने तसे करू नये याचा कॅनडाला अधिक राग. ऑस्ट्रेलियाने तर याच कारणावरून ब्रिटनशी असलेला सामाजिक सुरक्षा करार १ मार्च २००१ पासून संपुष्टात आणला. तेथे गोठलेल्या ब्रिटिश पेन्शनची कसर ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीला आपल्या वृद्ध पेन्शनमधून भरून काढावी लागते, म्हणून तेथील सरकार हा प्रश्न लावून धरते. भारतात तशी कसर भरली जात नाही. श्रावणबाळ योजनेसारख्या योजना निराधारांसाठी आहेत. तिजोरीला तोशीस नाही, त्यामुळे सरकारला घाई नाही.

भारताने २००६ मध्ये बेल्जियमशी पहिला सामाजिक सुरक्षा करार केला आणि नंतर जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी केले. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापक व्यापार करार झाला, त्याच्या जोडीने दुहेरी वर्गणी टाळण्याची व्यवस्थाही ठरली. कंपनीने तात्पुरते पाठविलेल्या कर्मचाऱ्याला दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू नये, एवढा तिचा हेतू. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची ती जुनी मागणी होती. निवृत्तांच्या पेन्शनवाढीचा त्यात समावेश नाही. वाटाघाटींच्या मेजावर नोकरदार तरुण होते, त्यांचे म्हातारे नव्हते.

अर्थात ब्रिटनला बोल लावताना घरची गोष्टही विसरता येत नाही. खासगी व सहकारी क्षेत्रातील कामगारांसाठी असलेल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत महागाई भत्ता नाही. २०१४ मध्ये ठरविलेली दरमहा १,००० रुपयांची किमान पेन्शन २०२५ अखेरही तेवढीच होती. बुलडाण्यातून कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन चालले आहे. ती पेन्शन देशातल्या देशात, सर्वांचीच, सारखीच गोठलेली आहे.

परतणाऱ्यांनी काय पाहावे

ब्रिटनमधून परतण्याचा विचार करणाऱ्यांनी काही बाबी आधीच समजून घ्याव्यात. पेन्शन चार किंवा तेरा आठवड्यांनी एकदा, भारतातील बँकेत रुपयांत किंवा ब्रिटनमधील खात्यात पौंडांत घेता येते. तिकडून वेळोवेळी हयातीचा दाखला मागविला जातो. त्यावर डॉक्टर, बँक अधिकारी, शिक्षक, वकील यांसारख्या, नात्यात नसलेल्या व्यक्तीची स्वाक्षरी लागते. दाखला मुदतीत पोहोचला नाही तर पैसे थांबतात. टपालाने आलेला लिफाफा बंद घराच्या दारात पडून राहिला, एवढ्यावरूनही असे घडू शकते. म्हणून पत्ता बदलल्यास तो लगेच कळविलेला बरा.

गोठण कायमची असली तरी ती वास्तव्याशी बांधलेली आहे. निवृत्त काही काळासाठी ब्रिटनमध्ये गेला आणि तसे कळविले, तर त्या मुक्कामापुरती पेन्शन चालू दराने मिळते. परत येताच ती पुन्हा जुन्या आकड्यावर येते. लेकीकडे लेस्टरला तीन महिने काढले तर तीन महिने वाढ, असा हा प्रकार. कायमचे परत गेल्यास पूर्ण दर लागू होतो. उतारवयात जोडीदार गेल्यावर काहींना तो रस्ता धरावासा वाटतो, त्यामागे नातवंडांची ओढ असते आणि हा हिशेबही असतो.

निवृत्तीचे वय न गाठताच परतलेल्यांसाठी आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. काही वर्षे ब्रिटनमध्ये नोकरी करून पुण्या-मुंबईस आलेल्यांना भारतातून ऐच्छिक वर्गणी भरून वर्षे वाढविता येत. २०२५-२६ मध्ये त्यासाठी स्वस्त श्रेणीचा दर आठवड्याला ३.५० पौंड होता, महाग श्रेणीचा १७.७५ पौंड. परदेशात राहणाऱ्यांसाठी स्वस्त श्रेणी ६ एप्रिल २०२६ पासून बंद झाली, आणि नव्याने अशी वर्गणी सुरू करू इच्छिणाऱ्यांना ब्रिटनमधील वास्तव्याची किंवा वर्गणीची दहा वर्षे दाखविण्याची अट आली. २०२५-२६ च्या दराने वर्गणीच्या एका वर्षामागे पेन्शन आठवड्याला सुमारे ६.५८ पौंडांनी वाढते. महाग श्रेणीतही हा सौदा वरकरणी किफायतशीर दिसतो. एका वर्षासाठी भरलेले सुमारे ९२३ पौंड तीन वर्षांच्या आत वसूल होतात. मात्र ही वाढीव रक्कमही, पेन्शन भारतात घेतल्यास, पहिल्या दिवसाच्या दरावरच थांबते. निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षे ती बदलणार नाही, असे धरूनच वर्गणी भरायची की नाही ते ठरवावे लागते.